गुणपत्रिकेबाहेरचे गुण

(ज्ञातिमंडळाच्या पळसदरी येथील वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



प्राथमिक शाळेतील मुलांचे मनःस्वास्थ्य आणि त्यांच्या अंगचे चारित्र्यगुण यांची जोपासना कशी करावी, या विषयावर चार शब्द बोलण्याची आज्ञा मंडळाने मला केली आहे. माझा सगळा जन्म लहान मुलांच्या वर्गात गेला. त्यामुळे विषय परका नाही. परंतु येथे बसलेल्या प्रत्येक माउलीने या विषयाचा अभ्यास माझ्याहून अधिक जवळून केलेला आहे, याची जाणीव ठेवूनच मी बोलणार आहे.

या भाषणानंतर दरवर्षीप्रमाणे गुणगौरवाचा कार्यक्रम आहे. आपल्या मायबोलीत ‘गुण’ हा शब्द मोठा अर्थपूर्ण आहे. परीक्षेत मिळतात तेही गुण आणि माणसाच्या अंगी असतात तेही गुण. पहिल्या गुणांसाठी आपल्याजवळ गुणपत्रिका आहे, टक्केवारी आहे, पारितोषिके आहेत. दुसऱ्या गुणांसाठी काय आहे? ‘मुलगा गुणी आहे हो’ असे शेजारीण म्हणते, तेवढेच. त्या गुणांची नोंद कोणी ठेवत नाही, आणि ज्याची नोंद नाही ते हळूहळू घरादाराच्या नजरेआड होते. आज मला या दुसऱ्या गुणांविषयी बोलावयाचे आहे.

प्रथम आपल्या आजच्या मुलांची स्थिती पाहू. आपली पुष्कळ कुटुंबे कर्जत आणि खालापूर या दोन तालुक्यांत राहतात. वडील पहाटेच्या लोकलने मुंबईच्या बाजूस जातात किंवा खोपोलीकडच्या कारखान्यात पाळीवर असतात. परत येतात तेव्हा मूल झोपलेले असते. अनेक घरांत आईही नोकरीस जाते. पूर्वी घरात काका, आत्या, चुलतभावंडे असत. आता खोलीत मूल आणि मोबाइल असे दोघेच असतात. मुलाला कपडा चांगला आहे, वह्या-पुस्तके आहेत, शिकवणी आहे. नाही ते इतकेच, की त्याचे बोलणे स्वस्थपणे ऐकणारे कोणी नाही. सोमवारी सकाळी पोटात दुखणे, नखे खाणे, एकाएकी अबोल होणे, क्षुल्लक कारणावरून रडणे या गोष्टींना आपण खोड्या किंवा ढोंग म्हणतो. पुष्कळदा ती मनाच्या दुखण्याची खूण असते. शरीराला ताप आला तर आपण कपाळावर हात ठेवून पाहतो; मनाच्या तापासाठीही तसाच हात हवा.

‘पळसाला पाने तीनच’ ही म्हण आपण सर्व जाणतो. ज्या गावाच्या नावातच पळस आहे, त्या गावी बसून तिचा उपयोग मी थोड्या निराळ्या रीतीने करणार आहे. मुलाच्या चारित्र्यालाही पाने तीनच असतात: घर, शाळा आणि समाज. एक पान खुरटले तरी झाड ओके दिसते. या तिन्हींचा आपण क्रमाने विचार करू.

तत्पूर्वी एक गैरसमज दूर केला पाहिजे. सद्गुण उपदेशाने अंगी बाणतात, अशी आपली समजूत आहे. म्हणून आपण फळ्यावर सुविचार लिहितो, तात्पर्याच्या गोष्टी सांगतो आणि कर्तव्य झाले असे मानतो. अमेरिकेत ह्यू हार्टशॉर्न आणि मार्क मे या दोन अभ्यासकांनी हजारो शाळकरी मुलांची मोठी पाहणी केली. तिचा पहिला भाग १९२८ साली प्रसिद्ध झाला. मुलांना परीक्षेत, खेळात आणि घरच्या अभ्यासात लबाडी करण्याची संधी मिळेल अशी योजना त्यांनी केली आणि कोण कसे वागते ते पाहिले. निष्कर्ष असा निघाला की, मुलांची ‘प्रामाणिक’ आणि ‘लबाड’ अशी सरळ विभागणी करता येत नाही. तेच मूल एके ठिकाणी खरे वागते आणि दुसरीकडे खोटे. प्रामाणिकपणावरील नुसत्या पाठांचा वागणुकीवर फारसा परिणाम दिसला नाही. म्हणजे गुण हा तोंडी पाठ करण्याचा विषय नाही. ज्या परिस्थितीत मूल वाढते, तीच त्याला शिकवीत असते.

आता पहिले पान, घर. संयम हा गुण घ्या. आपले मूल हट्टी आहे, त्याला धीर नाही, अशी तक्रार घरोघर ऐकू येते. अमेरिकेतील रॉचेस्टर विद्यापीठात सेलेस्ट किड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेला एक लहानसा प्रयोग २०१३ साली प्रसिद्ध झाला. तीन ते पाच वर्षे वयाची २८ मुले होती. त्यांना चित्रे काढण्यास साधे खडू देऊन, ‘थोडे थांबलास तर याहून चांगले साहित्य आणून देते’ असे बाईंनी सांगितले. अर्ध्या मुलांना बाईंनी खरोखरच साहित्य आणून दिले. उरलेल्या अर्ध्या मुलांकडे त्या रिकाम्या हातांनी परत आल्या. त्यानंतर सर्वांपुढे एकेक गोड वडी ठेवून सांगितले, ‘मी येईपर्यंत ही खाल्ली नाहीस तर दोन मिळतील.’ ज्यांना दिलेला शब्द पाळला गेला होता, ती मुले सरासरी १२ मिनिटे थांबली. ज्यांची निराशा झाली होती, ती सरासरी ३ मिनिटेच थांबली.

बंधुभगिनींनो, या मुलांत जन्मतः काही भेद नव्हता. भेद होता तो मोठ्या माणसाच्या शब्दात. ‘रविवारी माथेरानला नेतो’, ‘दिवाळीला सायकल घेतो’, ‘तू झोप, मी लगेच येते’ अशी किती वचने आपण सहज देतो आणि सहज विसरतो! मूल मात्र विसरत नाही. ज्याच्या घरी शब्दाला किंमत आहे, त्याला वाट पाहणे शहाणपणाचे वाटते. ज्याच्या घरी शब्द वाऱ्यावर जातो, त्याने समोरची वडी तत्काळ तोंडात टाकली तर त्याला अधीर कसे म्हणावे? संयमाचे बीज मुलाच्या मनात रुजते ते आईबापांच्या सत्यवचनाने. म्हणून माझी पहिली विनंती अशी की, मुलाला वचने थोडी द्यावीत, पण दिलेले वचन पाळावे. पाळणे अशक्य झाले, तर मूल लहान आहे म्हणून विषय टाळू नये, कारण सांगावे.

घराविषयी दुसरी गोष्ट कौतुकाची. आपण मुलाला उठता-बसता ‘हुशार’ म्हणतो. कॅरोल ड्वेक या मानसशास्त्रज्ञ विदुषीने आपल्या एका सहकारिणीसह पाचवीतील मुलांवर केलेले प्रयोग १९९८ साली प्रसिद्ध झाले. सोपी कोडी सोडवून झाल्यावर काही मुलांना ‘तू बुद्धिमान आहेस’ असे म्हटले आणि काहींना ‘तू मेहनत घेतलीस’ असे म्हटले. पुढे ज्यांच्या बुद्धीची स्तुती झाली होती, त्यांतील बहुतेकांनी सोपेच काम मागितले; कारण अवघड कामात अपयश आले तर ‘बुद्धिमान’ ही पदवी जाईल, ही भीती. इतकेच नव्हे, तर आपले गुण दुसऱ्यास कळविताना ते फुगवून सांगणाऱ्यांचे प्रमाणही याच मुलांत अधिक होते. ज्यांच्या मेहनतीची स्तुती झाली होती, त्यांनी अवघड काम आनंदाने पत्करले. तेव्हा कौतुक अवश्य करावे, पण ते मुलाने केलेल्या कृतीचे करावे. ‘तू हुशार आहेस’ यापेक्षा ‘गणित चुकले तरी तू ते तिसऱ्यांदा करून पाहिलेस, हे मला आवडले’ हे वाक्य मुलाच्या उपयोगी पडते.

घरातील कामांविषयीही सांगितले पाहिजे. पाण्याचा तांब्या भरून ठेवणे, आजोबांचा चष्मा शोधून देणे, ताटे मांडणे, अंथरूण घडी करून ठेवणे ही कामे सहा वर्षांच्या मुलाला सहज जमतात. ती मुलालाही सांगावीत आणि मुलीलाही सांगावीत. आपल्यावाचून घराचे काही अडते, ही जाणीव मुलाच्या मनाला मोठे बळ देते. केवळ मुलीलाच काम सांगितले, तर मुलगा आळशी होतो आणि मुलीच्या मनात अन्याय घर करतो.

दुसरे पान शाळेचे. या क्षेत्रात आपल्या महाराष्ट्राजवळ मोठे धन आहे. पूज्य साने गुरुजी १९२४ ते १९३० या काळात अमळनेर येथे शिक्षक होते आणि वसतिगृहातील मुलांचे पालकही होते. मुले शाळेत गेली की त्यांच्या खोल्या ते स्वतः झाडून, वस्तू नीट लावून ठेवीत, असे त्यांच्या चरित्रांत येते. स्वच्छतेवर भाषण न करताही मुलांना स्वच्छतेचा पाठ मिळाला. त्याचप्रमाणे ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ या दोन थोर स्त्रियांनी १९४५ पासून बोर्डी येथे आणि पुढे १९५७ पासून कोसबाडच्या टेकडीवर ग्रामीण व आदिवासी मुलांसाठी जे काम केले, ते देशाला वंद्य ठरले. जी मुले बालवाडीपर्यंत येत नव्हती, त्यांच्या अंगणात बालवाडी नेली, तीच अंगणवाडी. जी मुले गुरे राखीत होती, त्यांच्यासाठी कुरणात शाळा भरविली, तीच कुरणशाळा. मुलाने शाळेला साजेसे व्हावे, असा आग्रह न धरता शाळेने मुलाजवळ जावे, हे त्यांचे तत्त्व होते. मुलाच्या मनःस्वास्थ्याचे याहून मोठे सूत्र मला माहीत नाही.

२००४ साली ख्रिस्तोफर पीटरसन आणि मार्टिन सेलिगमन या दोन मानसशास्त्रज्ञांनी जगातील धर्म, तत्त्वज्ञान आणि परंपरा धुंडाळून मनुष्याच्या २४ चारित्र्यगुणांची सूची प्रसिद्ध केली. तीत धैर्य, चिकाटी, प्रामाणिकपणा, न्यायबुद्धी, क्षमा, नम्रता, कृतज्ञता आहेत. पण त्यांबरोबर जिज्ञासा, आशा, सौंदर्याची जाण आणि विनोदबुद्धीही आहे. वर्ग हसविणारा जो मुलगा बाकावर उभा केला जातो, त्याचाही एक गुण या यादीत बसतो, हे शिक्षकबंधूंनी ध्यानात ठेवावे. या विचाराचा गाभा असा की, प्रत्येक मुलात यांतील काही गुण मूळचेच बळकट असतात. ते शोधून त्यांना काम द्यावे. उणिवांची यादी तर प्रत्येक मुलाची प्रत्येकाजवळ तयारच असते.

आपल्याच भागातील उदाहरण देतो. कातकरी समाजातील अनेक कुटुंबे दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर किंवा कोळशाच्या कामावर परगावी जातात आणि पावसाच्या तोंडाशी परततात. मुलांची शाळा मध्येच तुटते. असे मूल जूनमध्ये वर्गात येते तेव्हा त्याला वाचता येत नाही, आणि वर्ग त्याला ‘ढ’ ठरवून मोकळा होतो. परंतु पहिल्या पावसानंतर त्याच मुलाबरोबर वर्ग माळावर नेऊन पाहावा. शेवळे कोठे उगवते, टाकळा कोणता आणि कुर्डू कोणता, ओढ्यातला मुठा कोणत्या दगडाखाली असतो आणि तो कसा धरला म्हणजे चावत नाही, हे सारे तो सांगू लागतो. निरीक्षण, धैर्य आणि चिकाटी या तिन्ही गुणांत तो वर्गात पहिला असतो. बाकीची मुले त्याच्याभोवती गोळा होतात. ज्या दिवशी वर्गाला त्याच्याकडून काही शिकावयास मिळते, त्या दिवसापासून त्याला शाळा आपली वाटू लागते आणि अक्षरेही लवकर येऊ लागतात. हे मी वर्गात अनेकदा अनुभविले आहे.

शाळेत यासाठी पैसा लागत नाही. सकाळच्या परिपाठात रोज दोन मुलांनी ‘काल मला कोणी मदत केली’ हे सांगावे. वर्गाचे नियम मुलांनीच चर्चा करून ठरवावेत, म्हणजे ते पाळलेही जातात. खडू, पाणी, झाडे, ग्रंथपेटी ही खाती आळीपाळीने सर्वांना द्यावीत. ती हुशार मुलांची मक्तेदारी होऊ नये. भांडण झाल्यास दोघांनाही पूर्ण बोलू द्यावे. आणि छडी? बालकांच्या शिक्षणहक्काच्या २००९ च्या कायद्याने, त्याच्या १७ व्या कलमान्वये, शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ या दोहोंस मनाई केलेली आहे. ‘तुझ्याने काही होणार नाही’ हे वाक्यही छडीच होय. तिचे वळ दिसत नाहीत, एवढाच फरक.

कोणी म्हणेल, ‘गुरुजी, हे सारे ठीक, पण आमच्यासारख्यांना गुणांवाचून गत्यंतर नाही. नोकरी मिळते ती टक्केवारीवर, सद्गुणांवर नाही.’ हा आक्षेप मी हलका मानीत नाही. ज्यांच्या घरी पिढीजात संपत्ती नाही, त्यांना शिक्षण हाच आधार आहे. परंतु या दोन गुणांत वैर नाही. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात, मुलांना भावना ओळखणे, राग आवरणे, दुसऱ्याचे ऐकून घेणे असे शिकविणाऱ्या २१३ शालेय उपक्रमांचे फलित एकत्र तपासले गेले. त्यांत सुमारे २,७०,००० विद्यार्थी होते. अशा मुलांची वागणूक तर सुधारलीच. शिवाय त्यांची अभ्यासातील प्रगतीही ११ शतमकांनी वाढलेली दिसली. सोप्या भाषेत सांगावयाचे, तर शंभर मुलांत बरोबर मध्यावर असलेले मूल अकरा जणांना मागे टाकून पुढे गेले. स्वस्थ मनाला अभ्यासही चांगला येतो. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही प्रगतिपत्रकात केवळ परीक्षेचे गुण न राहता मुलाचे सर्वांगीण चित्र यावे, त्यात मुलाचे स्वतःचे आणि सोबत्यांचेही मत असावे, असे सुचविले आहे.

आता तिसरे पान, समाजाचे. हा भाग मी मुद्दाम शेवटी ठेवला आहे. कारण तो आपल्या मंडळाशी निगडित आहे आणि थोडा अवघडही आहे.

ज्ञातिमंडळाने आपल्या मुलांचे कौतुक करावे, गरजूंना शिष्यवृत्त्या द्याव्यात, हे योग्यच आहे. परंतु दया, न्याय आणि बंधुता हे गुण ज्ञातीच्या नोंदवहीत मावत नाहीत. आपले मूल शाळेत पोषण आहाराच्या पंक्तीला सर्वांच्या मांडीला मांडी लावून जेवते. तेथे ते जे शिकते, ते घरी आल्यावर ‘त्याच्या डब्यातले खाऊ नकोस’, ‘त्यांच्या वाडीवर जाऊ नकोस’ अशा एखाद्या वाक्याने पुसले जाऊ शकते. लहान मूल जात जाणत नाही. ती त्याला मोठ्यांच्या स्वरातून कळते. शाळेने वर्षभर केलेले काम आपण एका वाक्याने मोडावे काय, याचा विचार प्रत्येक घराने करावा.

या बाबतीत दोन उदाहरणे सांगतो. एक आपल्या मातीतले आहे. हुतात्मा भाई कोतवाल यांचा जन्म १९१२ साली माथेरानला झाला. ते वकील झाले. पण गावोगावचा शेतकरी सावकाराच्या पाशात अडकू नये म्हणून त्यांनी धान्यकोठ्या उभ्या केल्या आणि खेड्यांतील मुलांसाठी शाळा चालविल्या. २ जानेवारी १९४३ रोजी सिद्धगडावर हिराजी पाटील यांच्यासह त्यांना वीरमरण आले. त्यांच्या धान्यकोठीच्या दारात कोणाची जात विचारली जात नव्हती. दुसरे उदाहरण श्री. शांतिलाल मुथ्था यांचे. त्यांनी १९८५ साली आपल्या समाजाचीच संघटना उभारली. १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर मात्र भूकंपग्रस्त भागातील सुमारे १,२०० मुलांना त्यांनी शिक्षणासाठी पुण्यास आणले. ती मुले त्यांच्या ज्ञातीची नव्हती. पुढे २००९ साली त्यांनीच बीड जिल्ह्यातील ५०० प्राथमिक शाळांत ‘मूल्यवर्धन’ हा उपक्रम सुरू केला आणि नंतर शासनाच्या सहकार्याने तो राज्यभर पसरला. त्यात गुरुजी प्रवचन करीत नाहीत. मुले जोडीने बोलतात, गटात खेळतात, एकमेकांचे ऐकतात; आणि भारतीय संविधानातील न्याय, स्वातंत्र्य, समता, बंधुता ही मूल्ये त्यांच्या नित्य वागण्यात उतरतात. ज्ञातीच्या अंगणात लावलेले झाड कुंपणाबाहेरही सावली देऊ शकते, हे या उदाहरणावरून कळते.

यास्तव मी मंडळापुढे तीन सूचना विनयपूर्वक ठेवतो.

पहिली सूचना अशी की, पुढील वर्षापासून पहिली ते चौथीच्या मुलांना क्रमांकाची पारितोषिके देण्याचे बंद करावे. हे ऐकून काही पालकांना वाईट वाटेल; ते मी समजू शकतो. परंतु व्यासपीठावर तीन मुले चढतात तेव्हा खाली तीस मुले बसलेली असतात, आणि सातव्या वर्षीच त्यांना आपली पायरी दाखविली जाते. याऐवजी प्रत्येक मुलाला एक गोष्टीचे पुस्तक द्यावे आणि त्याच्या शिक्षकांना विचारून, त्याच्या अंगचा एक गुण त्याच्या नावासह व्यासपीठावरून सांगावा. ‘ही रोज धाकट्या भावाचा हात धरून शाळेत येते’, ‘याने लावलेले रोप जगले’ एवढे पुरे. सद्गुणांना बक्षिसे मात्र लावू नयेत. १९७३ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात असे दिसले की, आवडीने चित्रे काढणाऱ्या बालकांना आधी प्रमाणपत्राचे आमिष दाखविले, तर पुढे आपणहून चित्रे काढण्यात ती जवळजवळ निम्माच वेळ घालवू लागली. चांगुलपणाचेही तसेच होईल. तो पाहावा, सांगावा. त्याची किंमत लावू नये.

दुसरी सूचना. मंडळाच्या निधीतून दरवर्षी एक ग्रंथपेटी आपल्या भागातील एका जिल्हा परिषद शाळेस द्यावी. ती सर्व मुलांसाठी असावी आणि तिच्यावर ज्ञातीचे नाव नसले तरी चालेल.

तिसरी सूचना घरांसाठी आहे. रात्रीच्या जेवणाच्या वेळी सर्वांचे मोबाइल बाजूला ठेवावेत आणि ‘आज किती गुण मिळाले?’ या प्रश्नाआधी ‘आज काय काय झाले?’ हा प्रश्न विचारावा. उत्तर लांबले, तर ते शेवटपर्यंत ऐकावे.

या सूचना मी लेखी स्वरूपात चिटणीसांकडे दिलेल्या आहेत. कार्यकारी मंडळाने त्यांवर चर्चा करावी आणि पटल्या नाहीत तर तसे कारणांसह कळवावे. मला त्याचाही आनंदच वाटेल. 

जय हिंद! जय महाराष्ट्र!